वजनकाट्यावरच्या टाळ्या

माझ्या जावेच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी टाळ्या वाजायच्या. त्या टाळ्यांची मला इतकी भीती बसली होती की शनिवारी दुपारपासूनच कामात लक्ष लागायचं नाही.

टाळ्या वजन उतरल्याच्या असायच्या. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत आमचं घर एकाच जिन्याचं, खाली आम्ही आणि वर दीर-जाऊ. जाऊ मूळची कुर्डुवाडीची, रेल्वेतल्या माणसाची लेक, त्यामुळे तिचं सगळं वेळेवर आणि खणखणीत. तिनं वर वेलनेस क्लब काढला. बायका यायच्या, जिन्यात चपला काढायच्या आणि एकेक करून काचेच्या काट्यावर अनवाणी उभ्या राहायच्या. तो काटा नुसतं वजन सांगून गप्प बसणारा नव्हता. जावेच्या मोबाइलवर भराभर उमटायचं: बीएमआय, बॉडी फॅट, व्हिसरल फॅट, मसल मास आणि सगळ्यात खाली मेटाबॉलिक एज. जाऊ ते मोठ्यानं वाचायची. उतरलं असेल तर टाळ्या. वाढलं असेल तर कोणी काही बोलायचं नाही, ती बाई मुकाट्यानं जिन्यात जाऊन चपला शोधायला लागायची.

मी घरी ब्लाउज शिवते. बायकांची मापं घेण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं, पण मापं अशी चारचौघींत वाचून दाखवायची असतात हे मला जावेमुळे कळलं. मी तिला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "अक्का, तुमचं माप कापडाचं. हे आतलं हाय."

आतलं म्हणजे काय, हे तिनं मला रीतसर शिकवलं. बीएमआय म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते. व्हिसरल फॅट म्हणजे कातडीखालची नव्हे, पोटाच्या आत यकृत-आतड्यांना वेढून बसलेली चरबी, आणि तीच खरी वाईट. कॅलरी डेफिसिट म्हणजे शरीराला लागतं त्यापेक्षा कमी खाणं. मेटाबॉलिझम म्हणजे खाल्लेलं जाळायचा शरीराचा वेग. तो वाढला की माणूस बसल्या जागी बारीक होतं, आणि मेटाबॉलिक एज म्हणजे त्यावरून काढलेलं शरीराचं आतलं वय. जन्मभर मी ज्वारीला ज्वारी म्हणत आले, तर ती निघाली कॉम्प्लेक्स कार्ब. शेंगाचटणी निघाली गुड फॅट, पण वाटीभर खाल्ली की बॅड. मी हसायचे. जाऊ चिडायची. पण खरं सांगायचं तर मला ते शब्द आवडायला लागले होते, भाकरी थापताना मनातल्या मनात मी ते घोकायचे.

क्लबमध्ये नाव घातलं ते मात्र तिच्यासाठी. नवीन काम होतं, घरातलीच मोठी जाऊ आली नाही तर बाकीच्या कशाला येतील, असं तिला वाटलं असणार. तिनं मला पावडरचा डबा दिला. सकाळी नाश्त्याऐवजी ती पावडर पाण्यात घुसळून प्यायची. मी घरी आणून झाकण उघडलं, तर चंदेरी कागदाच्या वरूनच व्हॅनिलाचा असा काही वास आला की मला मळमळलं. कागद फाडलाच नाही. झाकण लावलं आणि डबा ज्वारीच्या पिंपामागं सरकवून दिला. नंतर सांगू तिला, म्हटलं. आणि सकाळी नेहमीसारखी चहाबरोबर भाकरी खाल्ली.

पहिल्या महिन्यात माझं वजन उतरलं. दुसऱ्या महिन्यात आणखी. टाळ्या पडल्या.

तेव्हा मी घाबरले नाही, हेही खरं. उन्हाळा होता. सोलापूरच्या उन्हात कोण नाही वाळत? घाम येत होता, सगळ्यांनाच येतो. छाती धडधडायची, म्हटलं पत्र्याच्या पडवीत बसून मशीन चालवल्यावर धडधडणारच. रागही लगेच यायचा, आणि तो तर मला बाराही महिने येतो. आमच्या गावातलं ऊन असं सोयीचं आहे, कशाचंही खापर त्याच्यावर फोडता येतं. मी फोडलं आणि कामाला लागले.

ब्लाउजच्या शिवणीत आम्ही दोन्ही बाजूंना थोडं कापड जास्त ठेवतो, त्याला माया म्हणतात. बाई अंगानं भरली की शिवण उसवून ब्लाउज सैल करता यावा म्हणून ती ठेवायची. शिवणकाम शिकल्यापासून मी स्वतःचे ब्लाउज सैलच करत आले होते. त्या वर्षी पहिल्यांदा आत घेतले. पावसाळ्यात पुन्हा आत घेतले. गौरीच्या दिवसांत तिसऱ्यांदा आत घ्यायला बसले, आणि बाहीला टाचण्या लावता लावता मी थांबले. कापड आत घेऊन घेऊन शिवणीजवळ जाड गुंडाळी झाली होती. मी दंड चाचपला. कातडी सैल लागली आणि तिच्याखाली लगेच हाड. मला दरदरून घाम फुटला, आणि बाहेर तर पाऊस पडत होता.

कारण हा दंड माझ्या ओळखीचा होता. माझ्या आईचा होता.

माझी आई माढ्याजवळच्या एका खेड्यातली. मी चौदा-पंधरा वर्षांची असताना ती बारीक व्हायला लागली. आधी गावातल्या बायका तिला चिडवायच्या. "काय गं, नवरीवानी दिसाया लागलीस की!" ती लाजायची. पुढं त्यांचे शब्द बदलले. वाळली, म्हणायला लागल्या. मग रोडावली, मग खंगली. आपल्या भाषेत बारीक होण्याला किती शब्द आहेत, आणि एकेक करून ते सगळे दुःखाचे. आईच्या पोटात गाठ होती. ती कळली तेव्हा उशीर झाला होता. ती गेली तेव्हा शेहेचाळीस वर्षांची होती. आणि गौरीत मी त्या टाचण्या हातात धरून बसले तेव्हा मीही शेहेचाळीसचीच होते.

त्या दिवसापासून मी भीतीतच राहायला लागले. दुसरं काही करतच नव्हते म्हटलं तरी चालेल. मोबाइलवर वजन का उतरतं ते शोधलं, तर प्रत्येक पानाच्या तळाशी तो एक आजार वाट बघत बसलेला. एका ठिकाणी होतं, आहार किंवा व्यायाम न बदलता घटलेलं वजन. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. आहार बदलला नव्हता हे साऱ्या जगात मला एकटीलाच ठाऊक होतं. उलट मी जास्त खात होते. सकाळी दोन भाकऱ्या, दुपारी चार, मधेच कडक भाकरी मोडून दही-चटणीबरोबर. हे म्हणायचे, "एवढं खातेस, अंगी का लागत नाही?" आणि वर जाऊ म्हणायची, "बघा, अक्कांचा मेटाबॉलिझम कसा फास्ट झालाय! पावडरीनं!"

कुणी म्हणेल, डॉक्टरकडं का गेली नाही. जायला काय, चार पावलांवर दवाखाना आहे. पण आईच्या वेळी मी एक गोष्ट बघितली होती. डॉक्टरनं सांगेपर्यंत आई चालत होती, स्वयंपाक करत होती, आम्हाला रागावत होती. सांगितल्यावर ती आडवी झाली. नाव कळलं की माणूस संपतं, असं माझ्या डोक्यात घट्ट बसलं होतं. हे खुळेपणाचं आहे हे मला तेव्हाही समजत होतं. समजून भीती कमी होत नाही. मी जीव मुठीत धरून रविवार ते रविवार ढकलत होते.

आणि रविवारी टाळ्या. मी काट्यावर चढले की जावेचा आवाजच बदलायचा. "बॉडी फॅट खाली! व्हिसरल खाली! बीएमआय एकदम नॉर्मल! मेटाबॉलिक एज..." इथं ती थांबायची, सगळ्यांकडं बघायची. "एकतीस!" शेहेचाळीस वर्षांच्या बाईच्या आत एकतीस वर्षांची बाई आहे, असं ते यंत्र सांगत होतं, बायका टाळ्या वाजवत होत्या आणि मी काट्यावरून उतरून जिन्यातल्या चपलांकडं वळत होते. माझ्या लक्षात एक गोष्ट आली होती. मसल मास, म्हणजे अंगातले स्नायू, तेही दर आठवड्याला उतरत होते. तो आकडा जाऊ भरभर वाचायची. स्नायू उतरल्याच्या टाळ्या कशा वाजवायच्या हे तिलाही सुचत नसावं.

तिनं माझे फोटो काढले, आधीचा आणि आत्ताचा, शेजारी शेजारी लावून ग्रुपवर टाकले. मी तो फोटो मोठा करून पाहिला. सगळ्यांनी कंबर पाहिली. मी डोळे पाहिले. ते मोठे दिसत होते, कोणीतरी मागून हाक मारल्यासारखे.

दिवाळी झाली, हवेत गारवा आला. घरातली सगळी माणसं पांघरुणं घेऊन बसली आणि मी पंखा पाचवर ठेवून घाम पुसत होते. आता उन्हावर खापर फोडायची सोय राहिली नाही. सुईत दोरा ओवायला दहा वेळा प्रयत्न करावा लागायचा, हात असा थरथरायचा. हुकांची काजं हातानं करायची सोडून दिली. गिऱ्हाइकांना सांगितलं, चष्म्याचा नंबर वाढलाय.

मग तो रविवार आला. जावेनं नव्या बायका बोलावल्या होत्या आणि मला सांगितलं होतं, "अक्का, तुमीच दोन शब्द बोला की. तुमच्याकडं बघूनच आल्यात."

त्यांत एक नुकतं लग्न झालेली मुलगी होती, माझ्याकडंच ब्लाउज शिवणारी. चांगली ठसठशीत, गालावर रंग असलेली. तिनं विचारलं, "मावशी, तुमचा डबा किती दिवसांत संपतो?"

सोपा प्रश्न होता. काहीतरी ठोकून देता आलं असतं. पण त्या पोरीचे भरलेले दंड मी पाहिले आणि मला एकदम वाटलं, हिनं माझ्यासारखं व्हायचं म्हणजे काय व्हायचं?

"माझा संपला नाही," मी म्हणाले.

"म्हणजे अजून चालू आहे?"

"उघडलाच नाही."

जाऊ हसली. तिला वाटलं मी नेहमीसारखी थट्टा करतेय. मी खाली गेले, पिंपामागून डबा काढला, पदरानं त्यावरची धूळ पुसली आणि वर आणून तिच्या हातात दिला. तिनं झाकण काढलं. चंदेरी कागद जसाच्या तसा ताणलेला होता. थोड्या वेळानं बायका एकेक करत उठल्या, जिन्यात चपलांची शोधाशोध झाली, आणि आम्ही दोघीच राहिलो.

"चारचौघींत माझं नाक कापलंत, अक्का," जाऊ म्हणाली. "घ्यायचं नव्हतं तर सांगायचं होतं की. मी काय तुमाला खाल्लं असतं? लोकांना फोटो दाखवत फिरले मी तुमचा. पावडर न्हाय, काय न्हाय, मग वजन कशानं..."

ती मधेच थांबली. तिचा राग तिच्या तोंडावरच विरताना मला दिसला. ज्या प्रश्नापासून मी कित्येक महिने पळत होते, तो तिनं रागाच्या भरात विचारला होता आणि विचारता विचारताच तो तिला कळला होता.

"अक्का," ती हळू म्हणाली, "मग वजन कशानं उतरतंय?"

"मला काय माहीत गं!" मी ओरडले आणि भिंतीला टेकून खाली बसले. मग आईचं सगळं तिला सांगितलं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, एका जिन्यानं चढतो-उतरतो, पण आई कशानं गेली हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. ती ऐकत होती. तिनं माझा हात धरला, आणि मग मनगटच धरून ठेवलं. "अक्का, अहो नाडी किती पळतीया तुमची," ती म्हणाली. "बसल्या जागी!"

सोमवारी सकाळी तिनं मला स्कूटीवर मागं बसवलं. निघताना हे फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, "मी येऊ का?" जाऊ म्हणाली, "भाऊजी, तुमी घाबरला की त्या आणखी घाबरतील. तुमी थांबा हितंच." आदल्या दिवशी सांगितल्यापासून ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, त्यांना सुटल्यासारखं झालं असेल.

डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान होत्या. त्यांनी मला वजन विचारलंच नाही. आधी म्हणाल्या, हात पुढं करा, बोटं ताठ. माझ्या पसरलेल्या बोटांवर त्यांनी साधा कोरा कागद ठेवला. कागद फडफडायला लागला. खोलीतला पंखा बंद होता. मग घोटभर पाणी प्यायला लावून त्या माझ्या गळ्याकडं बघत राहिल्या, मागं उभं राहून गळा चाचपला. विचारत गेल्या: गरम जास्त होतं? भूक वाढलीय? झोप? छातीत धडधड? मी हो हो म्हणत होते. मग त्यांनी त्याच आवाजात विचारलं, "भीती वाटते? काही कारण नसताना?"

मला रडू आवरेना. काय सांगू त्यांना! भीतीला कारण आहे असंच मी धरून चालले होते. त्या भीतीबद्दल कोणी खोकल्याबद्दल विचारावं तसं विचारेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

रक्त दिलं. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी जावेच्या मोबाइलवर आला. दवाखान्याच्या बाकड्यावर बसून तिनं तो रविवारच्या सवयीनं वाचायला सुरुवात केली. "टीएसएच... कमी! अगदी कमी, अक्का!" तिचे दोन्ही हात टाळीसाठी वर आले आणि तसेच राहिले. मग बारीक आवाजात तिनं मला विचारलं, "कमी म्हणजे चांगलं असतंय ना?"

तसं नसतं. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. गळ्यात थायरॉइड नावाची ग्रंथी असते. तिनं काम करावं म्हणून मेंदूतून जो हुकूम सुटतो, तो टीएसएच. माझी ग्रंथी हुकमाची वाट न बघता बेफाम काम करत होती, म्हणून वरून हुकूम येणंच बंद झालं होतं. टीएसएच कमी म्हणजे थायरॉइड जास्त. "तुमचा मेटाबॉलिझम फार वेगात चाललाय," त्या म्हणाल्या. "शरीर बसल्या जागी पळतंय. चरबी जाळतंय, स्नायूही जाळतंय." जावेनं मान खाली घातली. शब्द तिनं बरोबरच वापरला होता, महिनोन्महिने.

"कॅन्सर?" मी विचारलं. तो शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा तोंडातून काढला. आईच्या वेळी आम्ही सगळे 'ते' म्हणायचो.

"तपासणीत तसं काही नाही. गोळ्यांनी हे आटोक्यात येतं. गोळ्या चालू असताना ताप आला, घसा दुखला तर थांबायचं नाही, लगेच यायचं." मग त्या जराशा हसल्या. "आणि वजन वाढेल हं. चालेल ना?"

मी काय बोलले ते मला आठवत नाही. जाऊ सांगते, मी डॉक्टरीणबाईंचे दोन्ही हात धरून "वाढू द्या, वाढू द्या" म्हणत होते.

भीती एका दिवसात गेली नाही. गोळी घ्यायची आणि तास मोजत बसायचं असं झालं. ग्रंथीनं चढवलेली कुठली आणि आईची म्हणून माझ्यात राहिलेली कुठली, हे मला आजही वेगळं करता येत नाही. पण संक्रांतीची गड्ड्याची यात्रा उरकेपर्यंत मला शाल लागायला लागली, आणि एक दिवस दोरा पहिल्या झटक्यात सुईत गेला. आत घेतलेले ब्लाउज उसवायला घेतले तेव्हा मी दुपारभर त्यातच रमले. जुन्या टाक्यांची भोकं कापडावर राहिली होती. राहू देत म्हटलं.

क्लब जावेनं बंद केला नाही. पावडर तेवढी बंद केली. आता नवीन कोणी आली की आधी विचारते, वजन आपोआप उतरतंय का, आणि हो म्हणाली की काट्यावर न चढवता दवाखान्यात धाडते. मसल मासही आता सगळ्यांत मोठ्यानं वाचते. मी मात्र डबा वर नेला त्या दिवसानंतर त्या हॉलमध्ये गेले नव्हते. चैत्रात एका रविवारी तिनं खाली येऊन मला वर नेलं. हॉल भरलेला होता, ती नुकतं लग्न झालेली मुलगीही होती. मी काचेवर अनवाणी उभी राहिले. काच पायांना गार लागली.

"वजन," जावेनं वाचलं, "साडेपाच किलो जास्त."

सवयीप्रमाणे सगळ्या गप्प झाल्या. कोणी माझ्याकडं बघेना. मीही चपलांच्या दिशेनं वळले होते. जावेनं मोबाइल खुर्चीवर ठेवला आणि एकटीनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मोठमोठ्यानं, हात लाल होईपर्यंत. मग ती मुलगी वाजवायला लागली, मग बाकीच्या.

टाळ्या थांबल्यावर तिनं मोबाइल उचलून खालचा आकडा पाहिला. आईचं सगळं तिला ठाऊक होतं, त्यामुळे तो तिला मोठ्यानं वाचता येईना. मोबाइल तिनं माझ्यासमोर धरला.

मेटाबॉलिक एज, सत्तेचाळीस.

माझं वय तेवढंच होतं. फाल्गुनात मला सत्तेचाळीस पूर्ण झाली होती, आईनं न पाहिलेलं वय, आणि भीतीपायी मी ते कोणाला सांगितलं नव्हतं.